वाटाण्यांचं राज्य

आमचे सर घराचे मालक होते, पण घरात त्यांचं मत एकच होतं. सिडनीतल्या पेंडल हिल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं जुनं विटांचं घर होतं. त्यातल्या तीन खोल्या ते भाड्याने द्यायचे आणि प्रत्येक भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगायचे, की या घरात माझं काही चालत नाही. मला वाटलं, म्हातारा माणूस विनयाने बोलतोय. आठवड्याभरात लक्षात आलं की ते नुसती वस्तुस्थिती सांगत होते.

मी खोली बघायला गेले तेव्हा मास्टर्सला नुकती ॲडमिशन घेतली होती, आणि इथल्या देशी घरमालकांच्या चौकशा पाठ झाल्या होत्या. काम कुठे, नॉनव्हेज खाता का, मित्र येतात का. सरांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, तुमच्या साताऱ्याच्या घरी निर्णय कोण घेतं? मी म्हटलं, बाबा. ते चुकले तर? मी म्हटलं, तर आई गप्प बसते. सर म्हणाले, "बरं. सामान घेऊन ये."

सर मूळचे पुण्याचे. उभं आयुष्य त्यांनी इथल्या युनिमध्ये, म्हणजे विद्यापीठात, प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकवण्यात काढलं होतं. बायको फार पूर्वी कॅन्सरने गेली होती. मुलगा अमोल मेलबर्नला, टार्निटच्या नव्या वसाहतीत राहायचा. सर पंच्याहत्तरी ओलांडलेले, काटक, बाराही महिने अर्धी चड्डी आणि वर हातविणीचा स्वेटर. थंडीत फरक एवढाच, की मोजे गुडघ्यापर्यंत यायचे.

घराचा कारभार असा चालायचा. स्वयंपाकघरातल्या फळीवर दोन बरण्या होत्या, एकीत पांढरे वाटाणे, दुसरीत काळे. रविवारी सकाळी चहा झाला की सभा. जेवढी माणसं तेवढे वाटाणे तांब्यात टाकायचे, त्यातला एक काळा. न बघता हात घालायचा. काळा ज्याच्या हाताला लागेल त्याच्याकडे त्या आठवड्याचं बाथरूम. मग पुन्हा तसंच कचऱ्याच्या बिन्ससाठी, पुन्हा लॉनसाठी. सरांना काळा आला की सर निमूट ब्रश घेऊन जायचे. पहिल्यांदा मी त्यांच्या हातातून ब्रश काढून घ्यायला गेले, तर ते खरोखर चिडले. माझं नशीब तू का पळवतेस, म्हणाले.

ही त्यांच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हती. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्स शहराची पाचशे जणांची परिषद अशीच निवडली जायची, चिठ्ठ्यांऐवजी कडधान्याने. तिथे वाल की पावटे असं काहीसं होतं. पेंडल हिलच्या दुकानात काळे वाल मिळेनात, म्हणून सरांनी वाटाण्यावर तडजोड केली होती. आणि एखाद्या गोष्टीवर मत घ्यायचं असेल तेव्हा प्रत्येकाला एक पांढरा, एक काळा मिळायचा. मुठीत धरून एक तांब्यात टाकायचा, उरलेला गुपचूप खिशात. कोणी काय टाकलं ते विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. अथेन्सच्या सभेत लोक हात वर करायचे, हे सर स्वतःच सांगायचे. पण हात वर करायच्या आधी माणूस शेजाऱ्याचा हात बघतो, म्हणून आपल्याकडे वाटाणा, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही भाडेकरू तिघं. मी, नागपूरची शुभांगी आणि लुधियानाचा हरप्रीत. शुभांगी फार्मसीत कामाला होती, हरप्रीत गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. हरप्रीतला हा सगळा प्रकार म्हणजे फुकटची करमणूक वाटायची. तो शिफ्टवरून येऊन फोनवर आईला सांगायचा, की इथे संडास कोण धुणार यासाठी इलेक्शन होतं. सरांचं हिंदी अगाध होतं. त्यांनी त्याला एकदा गंभीरपणे समजावलं, "देखो हरप्रीत, ये हसने का काम नहीं है, ये संडास ही राज्य है." त्यावर हरप्रीत इतका हसला की सरांनाही हसू आवरेना.

शेजारी एक वयस्क ग्रीक गृहस्थ राहायचे, कुंपणावरून लिंबं द्यायचे. सरांनी मोठ्या उत्साहाने त्यांना अथेन्सच्या परिषदेबद्दल सांगायला सुरुवात केली. ते शांतपणे म्हणाले, "Mate, my family's from Cyprus," आणि आणखी दोन लिंबं दिली. सर त्या दिवशी जरा हिरमुसले होते.

एका शनिवारी शुभांगीला घरची आठवण आली आणि तिने काळ्या वाटाण्यांची बरणी पाण्यात उपडी केली. तिला वाटलं, उसळीसाठीच आणलेत. सर उठून आले, पातेल्यात फुगलेले वाटाणे बघितले आणि खुर्चीवर बसले. म्हणाले, "तू सबंध विरोधी पक्ष भिजत घातलास." बिचारी रडायच्या बेतात. मग उसळ झाली. सरांनी ती दोनदा मागून घेतली आणि पुढच्या सभेत नवे वाटाणे आणावेत की नाहीत यावर रीतसर मत घेतलं. काळे नव्हतेच, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

मतदानाच्या दिवशी सर सकाळी आठालाच रांगेत असायचे. इथे शाळेच्या आवारात मतदान असतं आणि दारात सॉसेज भाजत असतात. शाकाहारी सर पावात नुसता परतलेला कांदा मागायचे, त्यावर सॉस घालून तिथेच उभ्याने खायचे. मतदान करून घरी नुसतं यायचं नाही, चार माणसांत उभं राहायचं, हा त्यांचा नियम.

तांब्याखालोखाल त्यांचा जीव होता आडकाठीवर. आडकाठी म्हणजे अथेन्सचा एक कायदा, नाव सरांनी ठेवलेलं. सभेत कोणी घटनेच्या विरुद्ध ठराव आणला, तर कुठलाही नागरिक उठून त्या माणसाला कोर्टात खेचू शकायचा. आमच्याकडे कोर्ट नव्हतं. पण कोणीही 'आडकाठी' म्हटलं की विषय तिथेच थांबायचा आणि त्या माणसाचं सगळं ऐकून घ्यावं लागायचं. हरप्रीतने ही सोय लॉन कापण्याच्या विरोधात भरपूर वापरली.

आणि त्यांचा राग होता एका शब्दावर. 'सध्यापुरतं.' प्लंबर म्हणाला की सध्यापुरतं टेप लावून देतो, किंवा मी म्हटलं की सध्यापुरती सायकल पॅसेजमध्ये ठेवते, की सर चष्मा काढायचे. चष्मा काढला म्हणजे चारशेंची गोष्ट येणार. ती आम्ही इतक्यांदा ऐकली की हरप्रीतलाही पाठ झाली होती.

अथेन्स युद्धात हरत आलं होतं. मोठं आरमार बुडालं होतं, तिजोरी रिकामी होती. तेव्हा काही बड्या, शिकल्या-सवरलेल्या लोकांनी म्हणायला सुरुवात केली, की ही वेळ गर्दीला विचारत बसायची नाही. जाणत्या लोकांकडे कारभार द्या, सध्यापुरता. लोकशाही काय, पुन्हा आणता येईल. मग सभा बोलावली, पण नेहमीच्या टेकडीवर नाही, शहराबाहेर, एका देवळापाशी. बाहेर शत्रूची छावणी, त्यामुळे येणार कोण? त्या सभेत पहिला ठराव कुठला आला असेल? इथे सर थांबायचे आणि आम्ही कोरसमध्ये म्हणायचो, आडकाठी रद्द. "बरोबर. पहिल्यांदा आडकाठी काढतात. मग बाकीचं त्यांना काढावं लागत नाही, ते आपोआप पडतं."

चारशे जणांच्या हातात सत्ता गेली. वर सांगितलं, की खरी सत्ता पाच हजार नागरिकांची आहे. ते पाच हजार कोण, हे काही त्यांनी जाहीर केलं नाही. त्यामुळे जो तो शेजाऱ्याकडे बघायचा, की हा त्यांच्यातला तर नाही, आणि तोंड मिटून घ्यायचा. जे बोलले त्यांतले काही मारले गेले. शेवटी चारशे जण कपड्यात खंजीर लपवून परिषदेच्या इमारतीत गेले. आत वाटाण्यांनी निवडलेले लोक बसले होते. त्यांना सांगितलं, उरलेल्या मुदतीचा भत्ता घ्या आणि घरी जा. भत्ता दारातच हातावर ठेवला.

"आणि ते गेले," सर म्हणायचे. "एकानेही तोंड उघडलं नाही. खंजीर काढायची वेळच आली नाही."

शुभांगीने एकदा विचारलं, सर, आम्ही दोघी तिथे असतो तर? सर म्हणाले, घरात कोंडलेल्या असता. आणि हरप्रीत परदेशी म्हणून बाहेर, आणि गुलामांना तर कोणी मोजतच नव्हतं. त्याच लोकशाहीने एका बेटावरचे सगळे पुरुष मारायचा ठराव बहुमताने केला होता, हेही त्यांनीच सांगितलं. मला तेव्हा राग आला होता. म्हटलं, मग कसलं कौतुक करताय? ते म्हणाले, कौतुक नाही करत. त्यांच्या चुका चावडीवर झाल्या, सगळ्यांना दिसल्या, एवढंच म्हणतोय. चारशेंचं राज्य मात्र चार महिन्यांत कोसळलं, हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी कालच्या मॅचचा निकाल सांगावा तसा व्हायचा.

तर अशा माणसाने एक दिवस दूध गॅसवर ठेवलं आणि सर मागच्या अंगणात वाचत बसले. दूध आटलं, पातेलं जळलं, बाजूच्या फडक्याने पेट घेतला. हरप्रीत घरात होता म्हणून भिंत काळी होण्यावर निभावलं. त्याच्या आधीही दोनदा गॅस तसाच राहिला होता. एकदा सर रोजच्या ट्रेनने जाऊन भलत्याच स्टेशनवर उतरून बसले होते. आम्ही आपसात बोलायचो, पण सभेत तो विषय कोणी काढला नाही.

अमोलला शुभांगीने फोन केला. तो लगेच सिडनीला आला, पण घरी नाही. शहराच्या पार कडेला, स्कोफिल्ड्सला, त्याचा शाळेतला मित्र राहायचा, डॉक्टर होता, त्याच्याकडे उतरला आणि आम्हाला मेसेज केला. Saturday afternoon ला या, प्लीज, बाबाला सांगू नका.

स्कोफिल्ड्सचं ते घर इतकं नवं होतं की समोर फूटपाथही झाला नव्हता. पावभाजी होती, कोल्ड्रिंक होतं. अमोल चाळिशीतला, थकलेला, चांगला माणूस. त्याने सगळं व्यवस्थित मांडलं. बाबाला टार्निटला न्यायचं, मुलांच्या school holidays चं निमित्त सांगून, सध्यापुरतं. मग परत यायचं नाही. पॉवर ऑफ ॲटर्नीचे कागद तयार होत होते, डॉक्टर मित्र प्रकृतीचं पत्र देणार होता. घर विकायचं. आम्हाला आमचा बॉन्ड, म्हणजे डिपॉझिट, वर एका महिन्याचं भाडं. त्याने तीन पाकिटं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "No pressure. पण तुम्ही लवकर दुसरी जागा बघितलीत तर बरं होईल."

मी शुभांगीकडे बघितलं. शहराबाहेरची सभा, सध्यापुरतं, दारात भत्ता. सगळं पाठ असलेलं होतं. तरी बोलायला तोंड उघडेना, कारण तो माणूस खंजीर घेऊन आलेला नव्हता. त्याला बापाची काळजी होती. आणि गॅस खरंच पेटला होता.

बोलला हरप्रीत, सगळ्यात जास्त हसणारा. "भैया, सर को पूछे बिना नहीं." डॉक्टर म्हणाला, ते ठरवायच्या स्थितीत नाहीत, उद्या नाही म्हणाले तर? हरप्रीत म्हणाला, तो ना सुन लेंगे. मग मीही म्हटलं, की त्यांना विचारा, मत घ्या, आपण सगळे आहोत. पाकिटांना कोणी हात लावला नाही.

'मत' हा शब्द ऐकून अमोल हसला, पण ते हसणं बरं नव्हतं.

"मी चौदा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "आईची chemo काम करत नव्हती. डॉक्टर म्हणाले, आणखी एक round करता येईल, it's up to the family. बाबाने टेबलवर तांब्या ठेवला. पांढरा म्हणजे चालू ठेवायचं, काळा म्हणजे stop. आई, बाबा आणि मी. मी काळा टाकला. I thought she was tired. दोन काळे निघाले, एक पांढरा." त्याने पाकिटं गोळा केली. "पांढरा कोणाचा, मला अजून माहीत नाही. आईचा असेल तर? मी आणि बाबाने मिळून... लहान होतो मी. कोणीतरी मला न विचारता ठरवायला हवं होतं."

शुभांगी उठली आणि तिने त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. ग्लास रिकामा करून अमोल म्हणाला, ठीक आहे, उद्या येतो, बाबाला सांगतो. पण मी वाटाणा घेणार नाही.

संध्याकाळी घरी गेल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. फक्त तांब्याचं सांगितलं नाही, ते सांगणं माझं काम नव्हतं. मला वाटलं होतं, ते भडकतील. ते म्हणाले, "शहराबाहेर घेतली? मला न बोलावता? पद्धतशीर आहे पोरगा." आवाजात चक्क कौतुक होतं. मग ते उठून स्वतःचा कप विसळायला गेले. धुतलेला कप पुन्हा धूत राहिले तेव्हा मला कळलं, की त्यांना फार लागलं आहे.

रविवारी सकाळी चहा झाला. अमोल आला होता, बापलेकांनी एकमेकांना नेहमीसारखं हाय केलं होतं. सरांनी विषय मांडला. सरांनी इथे राहावं की टार्निटला जावं. पांढरा म्हणजे राहावं, काळा म्हणजे जावं. आधी ज्याला बोलायचं त्याने बोलावं. माझं मत राहावं असं होतं, मी ते कारणांसह सांगितलं. हरप्रीत म्हणाला, गॅस काढून इंडक्शन लावू, मी पैसे देतो. शुभांगी खाली बघत म्हणाली, सर, मला झोप लागत नाही हो, सारखा जळल्याचा वास येतो असं वाटतं. सरांनी मान हलवली आणि तिचे आभार मानले. मग त्यांनी सगळ्यांपुढे वाटाणे ठेवले.

अमोलने आपले दोन वाटाणे बोटाने परत सरकवले. सर म्हणाले, कोणावर सक्ती नाही, पण कारण सांगावं लागेल, नियम आहे.

"बाबा," अमोल म्हणाला, "तो पांढरा कोणाचा होता?"

कुठला पांढरा, असं सरांनी विचारलं नाही. ते चष्मा काढून बसले. आम्हाला उठून जावंसं वाटत होतं, पण कोणी हललं नाही.

"गुप्त मत सांगायचं नसतं," सर म्हणाले.

"मला माहितीये."

सर वाटाण्यांकडे बघत होते. त्या घरात त्यांनी हा नियम एकदाही मोडलेला मी पाहिला नव्हता. चहात साखर किती यावर घेतलेलं मतसुद्धा ते कधी सांगायचे नाहीत.

"माझा होता," ते म्हणाले. "तुझ्या आईने काळा टाकला. टाकायच्या आधी टेबलाखाली मूठ उघडून मला दाखवला. मी तरी पांढरा टाकला. मला ती हवी होती."

अमोलने टेबलाच्या कडेकडे बघितलं.

सर उठले. त्यांनी माझ्यापुढचे वाटाणे उचलले, शुभांगीचे, हरप्रीतचे, मग अमोलने सरकवलेले, आणि सगळे एकाच बरणीत टाकले, काळे-पांढरे न निवडता. आज मतदान नाही, म्हणाले. मी टार्निटला जातोय, ठरलं.

सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, आडकाठी."

"नामंजूर."

"सर, हे चारशेंचं राज्य झालं."

"चारशे कुठले," सर म्हणाले, "एकट्याचं." ते हसत होते. मग अमोलच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "तुला कोणी विचारत नाहीये. तू ऊठ आणि माझी बॅग काढ. कपाटावर आहे."

चाळिशीतला तो माणूस एखाद्या शाळकरी पोरासारखा ताबडतोब उठला आणि आतल्या खोलीत गेला. सर चहा टाकायला वळले. हरप्रीत त्यांच्या मागोमाग जाऊन गॅसपाशी उभा राहिला. कपाटावरून बॅग काढायला किती वेळ लागतो? चहा उकळला, गाळून झाला, तरी आतून बॅग ओढल्याचा आवाज आला नाही. आम्ही पाचही कप भरून टेबलावर ठेवले आणि बसून राहिलो. अमोलला कोणी हाक मारली नाही.